हिरवा डॅशबोर्ड आणि अडलेले डिस्पॅच : क्लाउड व्यवस्थापन प्लॅटफॉर्मविषयी लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक व ग्राहक सेवा प्रमुख

विषय : आपल्या प्लॅटफॉर्मची ड्रिफ्ट तपासणी (म्हणजे क्लाउडची प्रत्यक्ष स्थिती ठरवलेल्या स्थितीपासून ढळली आहे का, याची तपासणी), बचतीचा अहवाल आणि सपोर्ट यांविषयी तक्रार, कराराचे नूतनीकरण थांबवत असल्याची पूर्वसूचना

महोदय,

आमचे तक्रारीचे तिकीट आज पुन्हा एकदा 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद करण्यात आले. निराकरण काहीही झालेले नाही. आपल्या सपोर्ट विभागाशी बोलण्यात यापुढे वेळ घालवायचा नाही असे ठरवून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. आपले उत्पादन आपल्याला ठाऊक आहे असे गृहीत धरते आणि प्राथमिक माहिती सविस्तर देत बसत नाही.

आमच्या चाकणच्या कारखान्याचे डिस्पॅचचे (माल रवाना करण्याचे) अ‍ॅप्लिकेशन एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (डेटा सेंटर विभागात) चालते आणि ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या हिशेब व साठ्याची प्रणाली, अ‍ॅझुर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या पुणे येथील रीजनमध्ये. दोन क्लाउड एका जागेवरून सांभाळता यावेत, एवढ्यासाठीच आपला प्लॅटफॉर्म घेतला होता. घटनेच्या रात्री कारखान्याची इंटरनेट लाइन बदलली, त्यामुळे पब्लिक आयपी (कारखान्याचा इंटरनेटवरील पत्ता) बदलला. ड्यूटीवरील अभियंत्याने रीतसर चेंज नोंदवून नव्या आयपीचा नियम क्लाउडच्या कन्सोलवरून सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरशी कोणाला जोडू द्यायचे हे ठरवणाऱ्या नियमावलीत) घातला आणि तोच बदल कोडमध्ये, म्हणजे यंत्रणा कशी असावी हे लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, करून मंजुरीसाठी पाठवला. ती मंजुरी आपल्याच प्लॅटफॉर्मच्या रांगेत पडून होती. मध्यरात्री आपली ड्रिफ्ट तपासणी होऊन गेली आणि डॅशबोर्डवर सर्व काही हिरवे होते. पहाटे आपली 'स्वयंचलित दुरुस्ती' चालली आणि तिने तो नियम पुसून टाकला. ज्या बदलाची रात्रभर चाहूलही लागली नाही, तो पुसण्यासाठी मात्र आपल्या यंत्रणेला पहाटे अचानक डोळे फुटले.

सकाळच्या पाळीला बारकोड स्कॅनर सर्व्हरशी जोडले जाईनात. माल भरलेल्या गाड्या गेटच्या आत उभ्या, इन्व्हॉइस निघत नाही म्हणून ई-वे बिल निघत नाही, ड्रायव्हर चालानाची वाट पाहत खिडकीशी उभे, आणि पलीकडून आमचा माल घेणाऱ्या वाहन कंपनीचा माणूस दर थोड्या वेळाने विचारतो की माल उत्पादनाच्या लाइनवर कधी पोहोचणार. या सर्व वेळात आपला डॅशबोर्ड हिरवाच होता.

या बिघाडाचे मूळ आम्ही आमचे शोधून काढले, कारण आपल्याकडून ते कळण्याची चिन्हे नव्हती. आपली ड्रिफ्ट तपासणी क्लाउडला प्रत्यक्ष विचारत नाही. आधी गोळा करून ठेवलेल्या इन्व्हेंटरीवरून (यादीवरून) उत्तर देते. दुरुस्तीची फेरी मात्र अंमलबजावणीपूर्वी खरी स्थिती वाचते, कोडशी ताडून पाहते आणि कोडमध्ये जे नाही ते काढून टाकते. म्हणजे तपासणारा आंधळा आणि पुसणारा डोळस, अशी ही रचना आहे. त्यावर कडी म्हणजे प्रत्यक्ष कामकाजाच्या (प्रॉडक्शन) यंत्रणेतील कोणताही बदल दोघांच्या मंजुरीशिवाय होणार नाही, अशी सेटिंग आम्ही पहिल्या दिवसापासून लावलेली असतानाही ही दुरुस्ती कोणालाही न विचारता झाली, कारण आपल्या लेखी दुरुस्ती हा 'बदल' नाही. मग तो काय आहे, हे कृपया एकदा लेखी कळवावे.

आता त्या फोनबद्दल. त्याबद्दल दोन ओळीच लिहाव्यात असा माझा विचार होता, पण ते जमत नाही. आपल्या प्रतिनिधीला मी सांगितले की सिक्युरिटी ग्रुपमधील इनग्रेस नियम (आत येणाऱ्या जोडणीला परवानगी देणारा) आपल्या दुरुस्तीने काढला आहे, त्या फेरीचा लॉग (काय काय केले याची नोंद) हवा आहे आणि ही स्वयंचलित दुरुस्ती तत्काळ थांबवायची आहे. उत्तर आले, "मॅडम, मला इकडे सगळं हिरवं दिसतंय." मी म्हटले, मलाही हिरवेच दिसते आहे, माझी तक्रार तीच आहे. त्यावर मला ब्राउझरची कॅश पुसून पुन्हा लॉगिन करण्यास सांगण्यात आले. ते केले. हिरवेच होते. मग मला होल्डवर ठेवून आपल्याच प्लॅटफॉर्मची जाहिरात ऐकवण्यात आली, आणि परत आल्यावर आपला प्रतिनिधी अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे कोणी टेक्निकल व्यक्ती असेल तर त्यांना लाइनवर घ्या ना, म्हणजे आम्ही त्यांना समजावून सांगू." मी या कंपनीची इन्फ्रास्ट्रक्चर विभागप्रमुख आहे. आपल्या करारावर तांत्रिक बाजूने सही माझी आहे आणि आपल्या पोर्टलवर माझे पद माझ्या नावापुढे छापलेले दिसते. मी तसे सांगितले. क्षणभर शांतता, आणि मग, "ओके मॅडम, मग सरांशी बोलून घ्या आणि कळवा." कोणते सर, हे मला आजही उमगलेले नाही.

शेवटी शेजारी बसलेल्या, नुकत्याच रुजू झालेल्या मुलाच्या हाती मी फोन दिला. त्याने माझेच वाक्य, शब्दही न बदलता, म्हणून दाखवले. "बरोबर आहे सर, लगेच एस्केलेट करतो," असे उत्तर त्याला मिळाले. तो बिचारा ओशाळला. आपल्या संस्थेत ओशाळणारे कोणी असल्यास त्याची कल्पना नाही. एस्केलेशनचे फलित म्हणून जो ई-मेल आला त्याची सुरुवात 'डिअर सर' अशी होती, त्यात ही 'अपेक्षित वर्तणूक' असल्याचे नमूद होते आणि खाली पाचपैकी किती तारे द्याल अशी विचारणा होती.

हा प्रकार एकाच घटनेपुरता असता तर मी पत्र लिहिले नसते. आपला डॅशबोर्ड क्लाउडची स्थिती दाखवतच नाही. आपण क्लाउडला काय हुकूम सोडला एवढेच दाखवतो. पत्र पेटीत टाकले की 'पोहोचले' अशी नोंद करणाऱ्या कारकुनासारखा हा कारभार आहे. बचतीचा अहवाल पाहा. रात्री चाचणीसाठीची यंत्रणा बंद करण्याचे आपले वेळापत्रक अ‍ॅझुरमधील मशीन ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतून बंद करते. अशी मशीन 'स्टॉप्ड' दिसते, पण 'डीअ‍ॅलोकेटेड' होत नाही, म्हणजे तिने अडवलेले हार्डवेअर सोडले जात नाही, आणि डीअ‍ॅलोकेट न झालेल्या मशीनच्या कॉम्प्युटचे बिल चालूच राहते. आपण ती सर्व रक्कम 'बचत' या हिरव्या खान्यात घालता. एडब्ल्यूएसवर थांबवलेला आरडीएस सेवेतील डेटाबेस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो, हे त्यांच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिले आहे. आपल्या अहवालात मात्र तो महिनाभर झोपलेला असतो. थांबवलेल्या ईसी२ (एडब्ल्यूएसच्या आभासी) मशीनला जोडलेल्या डिस्कचे भाडे चालू असते, तेही वजा केलेले नाही. आमच्या वित्त विभागाने आपला अहवाल आणि क्लाउडची मूळ बिले शेजारी ठेवली, तेव्हा स्पष्टीकरण आपल्याला नव्हे, मला द्यावे लागले.

विक्रीच्या वेळी आपण दिलेला तुलनेचा तक्ता माझ्यासमोर आहे. त्यात टेराफॉर्म, ओपनटोफू, पुलुमी, अ‍ॅन्सिबल आणि क्लाउडफॉर्मेशन या कोडद्वारे यंत्रणा उभारण्याच्या इतर साधनांपुढे कुठे फुली, कुठे प्रश्नचिन्ह, आणि आपल्या स्तंभात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना एमपीएल या मुक्त परवान्यावरून बिझनेस सोर्स लायसन्स या निर्बंध असलेल्या परवान्याकडे गेला, त्याचा आपल्या विक्री अधिकाऱ्यांनी केवढा बागुलबुवा उभा केला होता! त्या परवान्याचा निर्बंध टेराफॉर्मशी स्पर्धा करणारे उत्पादन विकणाऱ्यांवर आहे, स्वतःची यंत्रणा उभारणाऱ्या आमच्यासारख्या कारखान्यावर नाही, हे सांगण्याचे तेवढे राहून गेले. तो निर्बंध नेमका कोणाला लागू होतो हे नंतर आपल्याच रनरच्या (कोड प्रत्यक्ष चालवणाऱ्या भागाच्या) लॉगमध्ये दिसले : आत चालते ते टेराफॉर्म १.५.७, म्हणजे जुन्या परवान्याखालील शेवटची आवृत्ती. त्यात गैर काही नाही. पण जे इंजिन तक्त्यात फुली मारून हिणवले, तेच जुने इंजिन आम्हाला चढ्या भावाने विकणे याला काय म्हणावे? आणि जुने इंजिन म्हणून अडते ते वेगळेच. एखादा रिसोर्स (मशीन, डेटाबेस असा घटक) नष्ट न करता कोडच्या ताब्यातून बाहेर काढण्यासाठी १.७ पासून जी 'रिमूव्ह्ड' ब्लॉकची सोय आली, ती आपल्याकडे नाही, म्हणून प्रत्येक वेळी आपल्या सपोर्टच्या पाया पडावे लागते. टेराफॉर्मपासूनच फुटून निघालेल्या ओपनटोफूने २०२४ मध्ये स्टेट फाइल (उभारलेल्या यंत्रणेची नोंद असलेली फाइल) कूटबद्ध करण्याची सोय दिली. आमचे डेटाबेसचे पासवर्ड आपल्याकडील स्टेट फाइलमध्ये उघड्या अक्षरांत पडून आहेत.

क्लाउडफॉर्मेशन मुख्यतः एडब्ल्यूएसपुरते आहे, ही त्याची मर्यादा आपण तक्त्यात ठळक छापली आहे आणि ती खरी आहे. मात्र ज्या रिसोर्सचा ड्रिफ्ट त्याला तपासता येत नाही, त्यापुढे ते प्रामाणिकपणे 'तपासले नाही' असा शेरा लिहिते. अ‍ॅन्सिबल स्टेट फाइल ठेवतच नाही, त्यामुळे तेथे हटवलेल्या गोष्टींचा माग वापरणाऱ्यालाच ठेवावा लागतो. पण सर्व काही जागच्या जागी आहे, असे आश्वासनही ते देत नाही. आमच्या लहानशा चमूने टेराफॉर्मची 'रिफ्रेश ओन्ली' प्लॅनची (क्लाउडची सद्यस्थिती वाचून केवळ फरक दाखवणारी) आज्ञा त्याच खात्यावर चालवली, तेव्हा आपल्याला रात्रभर न दिसलेल्या प्रकारचे फरक एका फेरीत समोर आले. 'माहीत नाही' असे सांगण्याचे धाडस करणारी साधने आपल्या तक्त्यात नापास झाली आहेत.

माझ्या मागण्या अशा. त्या पहाटेच्या फेरीचा संपूर्ण लॉग आम्हाला मिळावा. आमच्या श्रेणीत जुने लॉग राहत नाहीत हे उत्तर आधीच मिळाले आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात, तेव्हा ही सबब परत ऐकवू नये. मंजुरीची सेटिंग असताना मंजुरीविना बदल कसा झाला, याचा खुलासा तांत्रिक प्रमुखांच्या सहीने यावा. हे मी वर लिहिले आहे आणि पुन्हा लिहीत आहे, कारण प्रत्येक फोनवर हाच प्रश्न गिळला गेला आहे. खोट्या बचतीच्या आकड्यांवर आधारून आपण जे 'बचतीच्या प्रमाणातील शुल्क' आकारले, ते परत करावे. आमच्या सर्व स्टेट फाइल प्रमाणित स्वरूपात आमच्या ताब्यात द्याव्यात आणि आपल्याकडील प्रती नष्ट केल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे.

ग्राहक आयोगाकडे जाण्याची धमकी मी देत नाही. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, हे आपल्या विधी विभागाप्रमाणे आमच्या वकिलांनाही माहीत आहे. करारात लवादाचे कलम आहे, ठिकाण पुणे आहे, आणि त्या कलमाखालील नोटीस तयार आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ती पाठवली जाईल. दरम्यान स्वयंचलित दुरुस्तीला दिलेले सर्व अधिकार आम्ही आमच्या बाजूने काढून घेतले आहेत. आपल्या डॅशबोर्डला त्याचा पत्ता लागला असेल असे वाटत नाही.

आपल्या संकेतस्थळावर 'आमचे समाधानी ग्राहक' या मथळ्याखाली आमच्या कंपनीचे बोधचिन्ह आहे. ते आजच काढावे.

आपल्या उत्तराची प्रत आमच्या वित्त विभागालाही पाठवावी, आणि उत्तर लिहिताना सुरुवात 'महोदया' अशी करावी.

इन्फ्रास्ट्रक्चर विभागप्रमुख,
चाकण, जि. पुणे