इलेक्ट्रिक गाडीची रेंज नागपूरच्या उन्हात मोजा

महोदय,

दसरा-दिवाळीच्या तोंडावर इलेक्ट्रिक मोटारींच्या जाहिराती सुरू झाल्या की ओळखीचे दोन-चार जण हमखास फोन करतात आणि एकच प्रश्न विचारतात : जाहिरातीत लिहिलेली रेंज, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर गाडी जेवढे अंतर जाते ते, खरोखर मिळते का? मी साडेतीन वर्षांपासून नागपुरात इलेक्ट्रिक मोटार चालवतो आणि गाडी घरी आली त्या दिवसापासून प्रत्येक चार्जिंगची नोंद एका दोनशे पानी वहीत ठेवतो. तारीख, किलोमीटर, सुरुवातीची व शेवटची टक्केवारी, भरलेले युनिट आणि त्या दिवशीचे कमाल तापमान एवढे रकाने त्यात आहेत. त्याच वहीच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. गाडी मला मनापासून आवडते आणि पुढची घेतली तरी इलेक्ट्रिकच घेईन. आक्षेप आहे तो तिच्या किमतीशेजारी छापल्या जाणाऱ्या एका आकड्यावर.

माझ्या गाडीची बॅटरी सुमारे ४० युनिटांची आहे आणि तिची प्रमाणित रेंज साडेचारशे किलोमीटरहून अधिक आहे. माझ्या वहीप्रमाणे जानेवारीत, एसी न लावता, शहरातल्या शहरात ती ३१० किलोमीटरच्या आसपास जाते. मे महिन्यात तीच गाडी त्याच रस्त्यांवर एसी लावून २३० पर्यंत येते. समृद्धी महामार्गावर ११० ते ११५ च्या वेगाने, भर उन्हाळ्यात, दोनशेचा आकडाही गाठत नाही. माझ्यासारख्या निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षकाला यातले कोणतेच अंतर अनपेक्षित वाटले नाही. पण दुकानात उभा राहून आयुष्याची जमापुंजी मोजणाऱ्या माणसाला हे कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

हा फरक का पडतो, ते समजून घेणे कठीण नाही. आपल्याकडची प्रमाणित रेंज प्रयोगशाळेत, गाडीची चाके रोलरवर फिरवून, ठरावीक वेगचक्रानुसार काढली जाते. त्या भारतीय चक्रातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे, तोही काही क्षणांपुरताच; बराचसा भाग संथ शहरी वेगाचा असतो. चाचणीच्या खोलीचे तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान राखतात आणि एसी बंद असतो. गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी अशी चाचणी हवीच, सर्वांना एकच फूटपट्टी लागते. मात्र त्या फूटपट्टीवरचा आकडा ग्राहकाने आपल्या प्रवासाचा हिशेब म्हणून वाचला की फसगत होते. अमेरिकेत प्रयोगशाळेत आलेल्या रेंजला साधारणपणे ०.७ ने गुणून मगच तो आकडा गाडीच्या काचेवर लावला जातो. युरोपातील नव्या चाचणीचा कमाल वेग १३१ आहे. आपल्याकडे समृद्धीवर मोटारींना १२० ची परवानगी आहे आणि चाचणी मात्र ९० पाशी थांबते.

वेगाचे गणित तर शाळेतल्या मुलालाही समजावता येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून ११५ वर गेलात तर वेग दीडपटही होत नाही, पण हवेचा विरोध दुपटीहून अधिक होतो. पेट्रोलच्या गाडीलाही हा नियम लागू आहेच; तिथे तो जाणवत नाही, कारण पंप दर दहा-वीस किलोमीटरवर सापडतो आणि टाकी पाच मिनिटांत भरते.

एसीची बाब थोडी वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एसी वीज खातो ती तासांच्या हिशेबाने. गाडी किती अंतर कापते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. तासाला सरासरी एक युनिट धरले, तर महामार्गावर शंभरच्या वेगाने जाताना ते एक युनिट शंभर किलोमीटरवर वाटले जाते. सीताबर्डीच्या गर्दीत ताशी वीसच्या वेगाने सरकताना तेच एक युनिट वीस किलोमीटरमध्ये संपते. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे एसीचा बोजा पाचपट. त्यातही दुपारभर उन्हात उभी केलेली गाडी थंड करायला पहिली दहा-पंधरा मिनिटे याहून बरीच जास्त वीज लागते, आणि छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्याच्या वाट्याला ती दहा-पंधरा मिनिटे दिवसातून चार वेळा येतात. शिवाय द्रवाने थंड होणारी बॅटरी कडक उन्हाळ्यात स्वतःच्या गारव्यासाठीही वीज घेते. इलेक्ट्रिक गाडी शहरात जास्त पळते हे खरे आहे. नागपूरच्या मे महिन्यात ते पूर्वीइतके खरे राहत नाही.

गेल्या वर्षी नवतपात, भाचीच्या लग्नासाठी, सौभाग्यवतींसह जालन्याला निघालो. निघायला अकरा वाजले, तोवर पारा पंचेचाळिसाकडे निघाला होता. बॅटरी शंभर टक्के भरलेली होती. समृद्धीवर मोकळा रस्ता पाहून मीही ११५ च्या खाली आलो नाही. कारंजा लाडचा फलक दिसला तेव्हा २६ टक्के उरले होते. तिथे चार्जिंग करायचे ठरवूनच निघालो होतो आणि ॲपवर ते केंद्र ‘उपलब्ध’ दिसत होते. प्रत्यक्षात यंत्राचा पडदा काळा होता आणि त्यावर खाकी चिकटपट्टीने ‘बंद है’ असा कागद लावलेला होता. पुढचे केंद्र ५८ किलोमीटरवर. एसी बंद केला, खिडक्या चार बोटे उघडल्या आणि डाव्या कडेच्या लेनमधून ७० च्या वेगाने निघालो. सौभाग्यवतींनी पाण्याच्या बाटलीने पंचा भिजवून डोक्यावर घेतला आणि तासभर एक शब्दही बोलल्या नाहीत. पोहोचलो तेव्हा ९ टक्के शिल्लक होते. म्हणजे ५८ किलोमीटरला अवघे १७ टक्के लागले, तर त्याआधीच्या प्रवासात तेवढ्याच टक्क्यांत चाळीसही कापता आले नव्हते.

तिथला चार्जर ६० किलोवॉटचा होता आणि पडद्यावर २२ चा आकडा दिसत होता. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, “काका, बॅटरी तापली आहे, गाडीच जास्त घेत नाही.” त्याचे म्हणणे बरोबर होते. बॅटरीचे तापमान वाढले की तिची नियंत्रक यंत्रणा बॅटरी जपण्यासाठी येणारी वीज स्वतःहून कमी करते. जिथे तासाभरात काम व्हायचे तिथे दोन तास गेले.

उष्णतेचा परिणाम त्या दिवसापुरता राहत नाही. लिथियम बॅटरी वापरली नाही तरी काळानुसार थोडी थोडी क्षमता गमावते, आणि उष्णता अधिक व चार्ज शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर ही झीज वेगाने होते. म्हणून निकेल असलेल्या बॅटरीच्या मालकांनी रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांवर थांबावे आणि भरलेली गाडी उन्हात दिवसभर ठेवू नये. लिथियमचाच दुसरा प्रकार असलेली लोह-फॉस्फेटची बॅटरी उष्णता जास्त सोसते. मात्र तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) चार्ज उतरताना बराच काळ जवळजवळ सारखाच राहत असल्याने उरलेल्या टक्केवारीचा अंदाज चुकू शकतो, म्हणून ती अधूनमधून पूर्ण भरावी लागते. हे दोन उलट सल्ले आहेत आणि आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे हेच पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. मी गाडी घेताना विचारले, तर विक्री प्रतिनिधीने “लिथियम आहे सर” एवढेच उत्तर दिले होते.

तिसऱ्या सर्व्हिसिंगला मी बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत लिहून मागितली. जॉब कार्डावर ‘बॅटरी ओके’ असे दोन शब्द मिळाले. बहुतेक गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते. क्षमता किती उरली आहे हेच मालकाला कळणार नसेल, तर त्या हमीवर त्याने दावा कशाच्या आधारे करायचा? युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीने ही माहिती मालकाला उपलब्ध करून देणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांची खरेदी-विक्री आता वाढणार आहे आणि तिथे हा एक आकडा किलोमीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा ठरेल.

मे २०१७ मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सींचा मोठा प्रयोग याच नागपुरात सुरू झाला होता आणि वर्षभराच्या आतच चालकांनी रेंज व चार्जिंगला लागणाऱ्या वेळेबद्दल तक्रारी केल्या होत्या. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी जाहीर केली, त्याचे मी स्वागतच करतो. काही उत्पादक अलीकडे प्रमाणित आकड्यासोबत ‘प्रत्यक्ष रेंज’ म्हणून वेगळा आकडा स्वतःहून देऊ लागले आहेत, हेही चांगले आहे. पण उन्हाळ्याचा आणि महामार्गाचा आकडा देणे उत्पादकाच्या मर्जीवर सोडू नये.

आपल्या वृत्तपत्रामार्फत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला माझी विनंती आहे, आणि या खात्याचे मंत्री नागपूरचेच खासदार असल्याने ती अधिक आग्रहाने करतो. प्रत्येक गाडीच्या काचेवर प्रमाणित आकड्याशेजारी आणखी दोन आकडे सक्तीने असावेत : एक, ताशी १०० च्या स्थिर वेगाची रेंज, दुसरा, ४५ अंश तापमानात एसी लावून शहरी वेगाने मिळणारी रेंज. या दुसऱ्या चाचणीसाठी वेगळी खोली तापवावी लागणार नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी दोन वाजता झिरो माइलपासून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत आणि परत, अशा फेऱ्या कराव्यात. चाचणी घेणाऱ्यांना हवी असेल तर माझी वही मी आनंदाने त्यांच्या स्वाधीन करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
प्रतापनगर, नागपूर