रविवारी आयटीआयचं वर्कशॉप लेकरांना उघडून द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

लातूरचं नाव निघालं की लोक नीट आणि ट्युशनचंच बोलतात, पण इथं काही लेकरं घरी रिमोटची रेसिंग कार बनवायलेत, माझा पुतण्या त्यातलाच. रेडिमेड गाडी नाही बरं का, ३ मिमीच्या अल्युमिनियम पत्र्यातून चेसिस घरीच कापलेली आणि ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट असा एकेक पार्ट मागवून जोडलेला.

मोटर ३३०० केव्हीची म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे, बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे लोड नसताना २४ हजाराच्या वर, हे आठवीतलं पोरगं तोंडी सांगतंय. पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) मोठं टाकलं की गाडी जास्त पळते पण मोटर तापते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका, म्हणून त्यानं कमी दातांचं लावलं. दोन गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी घालायची, मोटर सरकवून भिडवायची, स्क्रू आवळायचे, मग पट्टी काढली की पाहिजे तेवढीच फट राहते. हे शिकायला आम्हाला डिप्लोमाला जावं लागलं होतं.

अडचण पुढं आहे. चाकाच्या हबचं बोअर, म्हणजे मधलं भोक, जरा जरी तिरकं झालं तर चाक डुलतं, आणि घरच्या ड्रिलनं ते सरळ येत नाही, त्याला लेथच लागते. एमआयडीसीत एका नगाचं काम कोणी घेत नाही, त्यांचंही बरोबर आहे, सेटिंगलाच अर्धा दिवस जातो. एका संस्थेत विचारलं तर बाहेरच्यांना परवानगी नाही म्हणाले. आणि आयटीआयमधली लेथ, मिलिंग, ड्रिल मशीन रविवारी नुसती झाकून असतात.

बॅटरीचं तर कोणीतरी जाणकारानं समोर बसवून सांगायलाच पाहिजे. लिपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला किंवा बॅटरी फुगलेली असताना चार्जिंगला लावली तर पेट घेऊ शकते, बॅलन्स चार्जरच (सगळे सेल सारखे भरणारा) वापरायचा, आणि काही लेकरं ती रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपतात हो!

म्हणून विनंती आहे की मराठवाड्यातल्या आयटीआयनी महिन्यातून दोन रविवार तरी वर्कशॉप उघडावं, टर्नर-फिटरचे एक-दोन निदेशक हजर ठेवावेत, फी घ्या, पालकांची सही घ्या, गॉगल सक्तीचा करा, आमची ना नाही. आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा.

आपला,
एक वाचक, लातूर