म्हणे अर्जदार इच्छुक नाही! मा. उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातील माझा अर्ज ‘अर्जदार इच्छुक नाही’ या कारणाने नामंजूर झाल्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. आपण कामात असता याची जाणीव आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

गेल्या आठवड्यात या कर्ज-अनुदान योजनेच्या पोर्टलवर लॉगिन केले तर माझ्या अर्जापुढे ‘बँकेने नामंजूर केला’ असे दिसले. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, अर्जदार इच्छुक नाही. कर्ज नाकारायला बँकेला कारणे काय कमी असतात? सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बरोबर नाही म्हणायचे, धंदा चालणार नाही म्हणायचे, या वर्षीचे उद्दिष्ट संपले म्हणायचे. मी मुकाट्याने ऐकून घेतले असते. पण मी इच्छुक नाही? रिकाम्या गाळ्याचे भाडे दर महिन्याला भरणारी, त्या गाळ्याच्या अनामत रकमेसाठी पाटल्या गहाण टाकणारी बाई इच्छुक नाही, हे त्या शाखेत कोणाला आणि कधी कळले? मला कोणी विचारले नाही. फोन नाही, पत्र नाही. संगणकावर कारणांची यादी उघडते आणि त्यातले एक निवडावे लागते, असे नंतर कळले. ज्यात बँकेकडे बोट जात नाही ते निवडले गेले असणार.

मला मॅचिंग सेंटर काढायचे होते. अस्तर, फॉल, कॅनव्हास, लेस, हुक, चेन, रिळे, बटणे. आपल्याला हा धंदा फुटकळ वाटेल. मी दुसऱ्याच्या अशाच दुकानात काउंटरमागे वर्षानुवर्षे उभी राहिले आहे. गिऱ्हाईक साडी घेऊन येते तेव्हा तिचा पदर ट्यूबलाइटखाली धरून रंग जुळवायचा नसतो. दुकानाच्या पायरीवर यायचे, उन्हात पदर धरायचा, त्यावर रिळाचा दोरा आडवा ओढायचा आणि दिसेनासा झाला की तोच रंग. मोरपंखी आणि हिरवा यांच्यामध्ये निदान पाच रंग असतात आणि पाचही ठेवावे लागतात, कारण पाचवा नसला तर ती बाई बाकीचे चारही घेत नाही, पुढच्या दुकानात जाते. म्हणजे या धंद्यात पैसा अडकतो तो मालात. यंत्रात नाही, फर्निचरमध्ये नाही, मालात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आपल्या योजनेचे घोडे इथेच अडते.

आपल्या विभागाच्या मेळाव्यात मंचावरून सांगितले गेले की महिलांनी नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हावे, पैशाची काळजी शासन घेईल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझा प्रकल्प साधारण ८ लाखांचा. शहरी भागातल्या महिलेला २५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ टक्के, बाकीचे बँकेचे कर्ज. म्हणजे २ लाख अनुदान आणि माझ्या पदरचे ४० हजार. ऐकायला किती छान! मंचावरून एवढेच सांगतात. ते २ लाख माझ्या हातात कधीच येत नाहीत, हे सांगत नाहीत. कर्ज उचलल्यावर अनुदान बँकेत ३ वर्षे ठेव म्हणून पडून राहते आणि धंदा चालू आहे याची पाहणी झाली की कर्जात वळते होते. ठीक आहे, पैसे घेऊन पळणारे असतात, त्यांच्यासाठी कुलूप हवे, मान्य. पण मग ‘अनुदानावर दुकान उघडा’ असे सांगू नका. दुकान उघडते ते कर्जावर, आणि कर्ज द्यायचे की नाही हे शाखेतला एक माणूस ठरवतो. शासन फक्त शिफारस करते. माझीही केली होती, अगदी व्यवस्थित, सही-शिक्क्यानिशी.

शिफारशीच्या आधीही एक गंमत झाली. जिल्ह्याच्या कार्यालयात सांगण्यात आले की नुसती खरेदी-विक्री योजनेत बसत नाही. उत्पादन दाखवा नाहीतर सेवा दाखवा. आता या योजनेच्या २०१९ च्या शासन निर्णयात ब्रँडवर आधारित संघटित साखळी विक्री केंद्रे चालतात. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या नावाची पाटी लावून, त्याचाच माल त्याच्याच भावाने विकला, तर तो रोजगार. स्वतःच्या नावाची पाटी लावून, स्वतः बाजार फिरून, स्वतःच्या अकलेने माल भरला की ती नुसती खरेदी-विक्री. हा भेद ज्यांनी काढला त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातून कधी सुई-दोरा आणावा लागला नसावा. शेवटी त्याच कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एकाने तोडगा सांगितला : ‘ताई, दोन पिको-फॉलची मशिनं दाखवा, वर शिलाई सेवा लिहा, दुकान मागे जाऊ द्या.’ दाखवली. पुढे बँकेतला अधिकारी विचारतो, शिलाईच्या सेवेला एवढा माल कशाला लागतो, यंत्रे कमी आणि खेळते भांडवल जास्त दिसते. काय उत्तर देणार? तुमच्याच नियमासाठी मशीन घुसवले साहेब, मुळात मला माल भरायचा होता?

प्रशिक्षणाबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. उद्योजकता विकासाच्या नावाखाली आम्हा पन्नासेक जणांना एका सभागृहात बसवले होते. शिकवणारे गृहस्थ सज्जन होते, टाय वगैरे लावलेले. त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. आपली बलस्थाने, आपल्या उणिवा, संधी आणि धोके. माझ्या शेजारी पिठाची गिरणी काढायला आलेली बाई होती, तिने धोक्याच्या चौकोनात ‘दीर’ असे लिहिले. सर हसले नाहीत, त्यांनी ‘स्पर्धक’ लिहायला सांगितले. माझ्या मते त्या आठवड्यातले सगळ्यात खरे वाक्य तेच होते. मग ग्राहकाचे चित्र रंगवा म्हणाले. वय, आवड, उत्पन्न. नंतर समाजमाध्यमांवर दुकानाचे पान कसे उघडायचे ते शिकवले. उधारी मागायला दारात नणंद उभी राहिली तर काय बोलायचे, हे नाही शिकवले. घाऊक व्यापारी पहिल्या खेपेला क्रेडिट देत नाही, तर पहिला माल किती आणि कोणता भरायचा, हे नाही. लग्नसराई सरली की मरूनसारखे जे रंग उरतात त्यांचे काय करायचे, हे नाही. जीएसटी नोंदणीची वस्तूंसाठीची ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा आणि सेवेसाठीची २० लाखांची, यात मशीन घुसवलेले माझे दुकान कुठे मोजणार, हे मी विचारले. सर म्हणाले, ‘ते तुमच्या सीएला विचारा.’ आणि पुढची स्लाइड आली, ती मोठी स्वप्ने पाहण्याविषयी होती.

चहा चांगला होता, प्रमाणपत्रही मिळाले. मार्गदर्शन मात्र मिळाले नाही. ‘मेंटर’ म्हणून एक नंबर देण्यात आला होता. त्या नंबरावरून शुभ सकाळचे संदेश अजून येतात.

याच मार्गदर्शनात सांगितले होते की जागा आधी हातात हवी, बँक भाडेकरार बघितल्याशिवाय फाइल उघडत नाही. खरेच आहे, उघडत नाही. म्हणून गाळा घेतला, करार नोंदवला. अनामत गेली, मुद्रांक गेला, दलाली गेली. प्रकल्प अहवालाला वेगळे पैसे. तो अहवाल बँकेत अधिकाऱ्याने माझ्यासमोर चाळला. सहाव्या-सातव्या पानावर थांबला आणि विचारले, ‘ओव्हन कशाला?’ माझ्या मॅचिंग सेंटरच्या अहवालात ओव्हनचा घसारा धरला होता. कोणाच्या तरी बेकरीचा अहवाल, नाव बदलून मला विकला होता. आणि हसू नका, तो विकणारा माणूस तुमच्याच मेळाव्यात मंडपाच्या दाराशी टेबल टाकून बसतो. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट असते, तिचेही तो पैसे घेतो. माझ्याआधी किती जणींनी त्याला दिले कोण जाणे.

अहवाल दुसरा करून दिला. मग दुकानाचे लायसन मागितले. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मोजके कामगार असलेल्या माझ्यासारख्या दुकानाला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पुरते. सूचनेची पावती दाखवली, तर म्हणाले हे लायसन नाही. नाहीच आहे! तुमच्याच सरकारने ते काढून टाकले, ही गोष्ट बँकेला मी सांगायची? त्यानंतर तारण. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या माझ्याएवढ्या लहान कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कर्ज बुडाले तर बँकेला भरपाई देणारी हमी योजनाही आहे. मी म्हटले तसे. साहेबांनी चष्म्यावरून बघितले आणि म्हणाले, ‘मॅडम, नियम सगळे आहेत, पण वसुलीला मला जावं लागतं.’ हे उत्तर मला निदान प्रामाणिक वाटले. पुढे त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल नव्याने वाचायला घेतली, आणि मग मी इच्छुक राहिले नाही.

या सगळ्यात गाळ्याचे शटर बंद आणि भाडे चालू. घरमालकाने शासन निर्णय वाचलेला नाही, त्याला पाच तारीख कळते. जुनी नोकरी सोडली होती, कारण तिथल्या शेठजींना कळले की ही आता स्वतःचे दुकान काढणार. परत ठेवून घ्या म्हणायला तोंड नाही. यजमान बोलत नाहीत, पण त्यांचे न बोलणे ऐकू येते. सासूबाई बोलतात. मुलीच्या क्लासची फी दोन हप्त्यांत भरली. आपल्याकडून दर महिन्याला लाडक्या बहिणीचे १५०० रुपये खात्यात येतात, त्याबद्दल आभारी आहे. ते तसेच घरमालकाला जातात, म्हणजे योजना चालते आहे, फक्त लाभार्थी तो आहे.

लोक म्हणतात, केंद्राच्या मुद्रा योजनेतून कर्ज घे. मुद्रेत दुकान बसते, हे खरे. पण तिथे अनुदान नाही, आणि दार त्याच शाखेचे, टेबल तेच. केंद्राच्या स्टँड-अप इंडिया योजनेत व्यापार चालायचा, महिलाही चालायच्या, पण कर्जाची सुरुवातच १० लाखांपासून. म्हणजे माझी गरज त्यांच्यासाठी फार लहान. हातगाडीवाल्याला केंद्राच्या स्वनिधी योजनेतून १५ हजारांपर्यंतच्या कर्जापासून सुरुवात करून मिळते, मिळू दे, त्याच्या ताटातले मला नको. कारखाना काढणाऱ्याला ५० लाखांचाही प्रकल्प दाखवता येतो. या दोघांच्या मध्ये जे आहे, दहा बाय बाराचा गाळा, एक शटर, एक बाई आणि तिची मदतनीस, ते कोणाच्याच खात्यात नाही. २ जुलै २०२१ ला केंद्राने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना एमएसएमईत, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत, घेतले, तेव्हा केवढा गाजावाजा झाला. पण फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी ठरावीक वाटा द्यायचाच अशा, कर्जापुरता. ते कर्ज देणार कोण? पुन्हा ती शाखा.

त्या शाखांना एवढी भीती कोणाची वाटते? माझी? २०१४-१५ पासूनच्या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख कोटींच्या वर कर्जे निर्लेखित केली, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकली, हे संसदेतच सांगितले गेले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच असते, हे मला कृपया समजावू नका. मला एवढेच दिसते की ती कर्जे देताना कोणी चष्म्यावरून बघितले नसेल. मोठ्याने बुडवले की त्याला तणावग्रस्त मालमत्ता म्हणायचे, समिती बसवायची, आणि ८ लाख मागणाऱ्या बाईला ओव्हन कशाला म्हणून विचारायचे. माझ्या बॅचमधल्या पन्नासात चार-पाच जणींचे कर्ज झाले असेल, तेही बहुतेक आधीच धंदा चालू असलेल्यांचे. बाकीच्या आम्ही तुमच्या अहवालात ‘प्रशिक्षित उद्योजक’ म्हणून मोजल्या गेलो असणार. दुकान नसलेले उद्योजक.

मागणे काय, तर थोडकेच आहे. एक, माझ्या अर्जावरचे ते कारण खोडून खरे कारण लिहावे, आणि यापुढे हे कारण टाकण्याआधी अर्जदाराची लेखी सही घ्यावी. दोन, साखळी विक्री केंद्राला जे चालते ते स्वतःच्या पाटीच्या दुकानाला चालावे, आणि मालात अडकणाऱ्या पैशाला भांडवल समजावे. तीन, बँकेची तत्त्वतः मंजुरी येण्याआधी नोंदणीकृत भाडेकरार मागू नये. आणि प्रशिक्षणाला कधीतरी एखादा दुकानदार बोलवा, दुपारी दोन ते चार, तेव्हा गिऱ्हाईक कमी असते.

उत्तर द्यायचे झाल्यास पोर्टलवर देऊ नये, ही विनंती. तिथे लॉगिन केले की मला तेवढे एकच वाक्य दिसते. पत्ता अर्जात आहे, गाळ्याचाही आणि घराचाही. गाळ्याचा करार मार्चअखेर संपतो, तोपर्यंत दोन्हींवर पत्र पोचेल.

कळावे.

आपली,
एक इच्छुक अर्जदार