आत्याला समजावायला जाऊ नकोस

चि. निनादस,
अनेक आशीर्वाद.

काकांनी तुला फोन केला हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तू काही बोलला नाहीस, म्हणजे चांगलाच पेचात पडला असणार. फोनवर तू 'हो गं, बघतो' म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसले.

काकांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून तुझ्या गळ्यात घातल्यात. तुला घरून काम करता येतं, पोराबाळांचा व्याप नाही, तेव्हा आत्याकडे येऊन राहा, ही एक. ती तुझं ऐकते, तेव्हा पुढच्या केमोला तिला तूच तयार कर, ही दुसरी. पहिलीला तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, मी मध्ये पडणार नाही. दुसरं काम मात्र अंगावर घेऊ नकोस.

तिचा आजार कुठवर आलाय हे तुला कुणी धड सांगितलंय का, याचीच मला शंका आहे. ग्रुपवर 'ट्रीटमेंट चालू आहे, काळजी नसावी' एवढंच येतं. अंडाशयाच्या कॅन्सरला सुरुवातीला कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल देतात. बहुतेकींना ते लागू पडतं, आत्यालाही पडलं. पण ही केमो संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत आजार उलटला, तर कार्बोप्लाटिनच्या जातीच्या औषधांना तो फारशी दाद देणार नाही असं धरतात. तिचा त्याच्या आतच उलटला. मग दुसरं औषध झालं, त्यानंही अडला नाही. आता जे सुचवलंय त्यानं दहातल्या एखाद-दोघींच्या गाठी बऱ्यापैकी आकसतात, आणि तेही बहुधा काही महिन्यांपुरतं. डॉक्टरांनी हे तिच्या तोंडावर सांगितलं, मी शेजारच्या खुर्चीत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माझी बोटं परत येतील का?"

बोटांचं तुला माहीत नसेल. पॅक्लिटॅक्सेलनं हातापायांच्या नसा दुखावतात, बोटांची टोकं बधिर होतात. गाऊनचं बटण लावायला तिला खाली बघावं लागतं, कारण बटण चिमटीत आलंय की नाही हे कळतच नाही. डाव्या हातानं उजव्याचं बोट धरून ती ते काजात ढकलते. आपण हात पुढे केला की फटकारते. परवापरवापर्यंत चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी बाई ती! डॉक्टर म्हणाले, थोडंफार सुधारेल, पूर्ण सुधारेलच असं नाही. त्यावर ती म्हणाली, "मग आता सुई पुरे."

यात 'मला मरू द्या' असं ती कुठेही म्हणालेली नाही. पोटात पाणी साठलं की काढा, दुखणं आटोक्यात ठेवा, घरी राहू द्या, इतकं ती मागते आहे. घरात मात्र याचं नाव पडलं 'आत्यानं हात टेकले'. कुणी तिला लढायला सांगतं, कुणी चमत्काराचे व्हिडिओ पाठवतं. काका तर पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास हलका करणाऱ्या, विभागाच्या डॉक्टरांना घरात घ्यायलाच तयार नाहीत.

तुला आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून एक सांगते. 2010 साली बॉस्टनच्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे 151 रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह डॉक्टरांचीही साथ दिली. त्यांचे दिवस जास्त सुसह्य गेले, शेवटी शेवटी जोरकस उपचारही कमी झाले, आणि तरी ते दुसऱ्या गटापेक्षा थोडे जास्तच जगले: त्यांच्यातले निम्मे 11.6 महिन्यांहून जास्त, तर दुसऱ्या गटातले निम्मे 8.9 महिन्यांहून जास्त. तो कॅन्सर वेगळा, त्यामुळे हे आकडे आत्याला लावू नकोस. पण हे डॉक्टर आले म्हणजे घटका भरली, ही काकांची समजूत खोटी आहे एवढं तरी त्यांना यावरून सांगता येईल. मॉर्फीनबद्दलही तेच. दुखण्याच्या मापानं, हळूहळू वाढवत दिलं तर त्यानं माणूस लवकर जात नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला लागतं. हे घरी कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मग 'मॉर्फीन सोसलं नाही' म्हणून तेच बंद करतात.

काकांवर चिडू नकोस. नर्सच्या नोकरीत मी असे भाऊ पुष्कळ पाहिले. औषध आणायला सांगा, रक्ताची सोय करायला सांगा, रात्री-बेरात्री धावतील. नुसतं उशाशी बसायला सांगा, पाच मिनिटांत उठून बाहेर जातील. केमो चालू असली की काकांना काहीतरी करता येतं. ती थांबली की बहिणीसमोर रिकाम्या हातांनी बसावं लागेल, त्याची त्यांना धास्ती आहे. पण त्यांची धास्ती घालवायला तिनं सलाईन लावून घ्यायचं, हे कुठलं गणित? ती शुद्धीत आहे, तिला सगळं समजतं. उपचार घ्यायचे की नाही हे तिनं ठरवायचं. कॉरिडॉरमध्ये आपण पाचजणांनी ठरवून आत तिला कळवायचं, हे मला कधीच पटलं नाही.

उद्या तिचं मन बदललं आणि ती केमो घेते म्हणाली, तर तेही चालेल. तेव्हा 'आधी तर नाही म्हणाली होतीस' असं कुणी ऐकवू नये, आणि मी ऐकवू देणार नाही.

तेव्हा तू तिच्याशी बोलशील तेव्हा विचार. तुला डॉक्टरांचं काय कळलं, कशाची भीती जास्त वाटते, काय जमेनासं झालं तर जगणं नको वाटेल, कुठल्या गोष्टीसाठी अजून थोडं सोसायची तयारी आहे. हे एका दमात विचारायचं नाही, मुलाखत नाही ती. आणि उत्तर आलं की लगेच 'अगं, असं काही नाही गं' म्हणू नकोस. असं म्हटलं की ती गप्प होते, मी पाहिलंय.

आता तुझं. नव्या नोकरीत प्रोबेशन चालू आहे, हे कारण मला पुरेसं वाटतं. ते सांगताना लाजू नकोस. 'बघतो, जमवतो' हे मात्र सोड, त्यानं सगळे तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसतात आणि पर्यायी सोय कुणी करत नाही. काय करशील ते नेमकं सांग. महिन्यातला एक शनिवार-रविवार येईन म्हणालास तर तेवढंच कबूल कर आणि ते चुकवू नकोस. आलास की रात्र तू घे, कारण रात्रीला माणूस मिळत नाही. विम्याचे कागद, रिपोर्टची फाइल, औषधांचा तक्ता हे सगळं तिथे बसूनही होतं, आणि खरं सांगू, आत्ता सगळ्यात गोंधळ तिथेच आहे. नोकरी सोडून यावंसं तुला मनापासून वाटलं, तर ये. काकांनी 'तिनं तुला अंगाखांद्यावर खेळवलं' असं सुनावलं म्हणून मात्र येऊ नकोस. ओढून आणलेला माणूस तिला पहिल्या दिवशीच ओळखू येईल, आणि मग पाणी मागायलाही ती संकोचेल.

आणखी एक. बाबांना तू यावंस असं फार वाटतं. ते स्वतःहून बोलणार नाहीत. मी सांगितलं, हेही त्यांना कळू देऊ नकोस. पण ठरवताना हे तुला ठाऊक असावं. उत्तर 'नाही' असलं तरी ते त्यांना तूच सांग, माझ्यामार्फत निरोप नको.

आत्याला फोन सकाळी कर. दुपारच्या गोळीनंतर तिला गुंगी असते आणि संध्याकाळी काका तिथेच असतात. फाइलचे फोटो मी तुला पाठवते, नाव आणि तारखेप्रमाणे लावून दे. शेवटच्या स्कॅनचा कागद सापडत नाहीये, तो बहुतेक काकांच्या गाडीत राहिलाय. त्यांना फोन करशील तेव्हा तेवढा मागून घे.

तुझी,
आई