निर्लेखनाआधी डीव्हीडी ड्राइव्ह काढून ठेवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट थांबले आणि शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायतींतून जुने डेस्कटॉप बाहेर पडायला लागले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्याआधीचं मशीन कितीही ठणठणीत असलं तरी नापास. मग डेडस्टॉक रजिस्टरात निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू वापरातून काढल्याचा, शेरा पडतो आणि टेम्पो भरतो. मी सांगलीत संगणक दुरुस्तीचं काम करते. यातली कितीतरी मशीनं भंगारात जाण्याआधी माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांच्यासोबत आपण काय घालवतोय ते रोज दिसतं, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे ‘मशीन स्लो झालंय’ ही तक्रार बहुतेक वेळा हार्ड डिस्कची असते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, म्हणजे २०११-१२ च्या आसपासचं मशीन घ्या. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून साटा जोडणीची एसएसडी (चिपवर माहिती ठेवणारी, न फिरणारी डिस्क) लावली, रॅम आठ जीबी केली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला की ते मशीन मुलांना टायपिंग, हिशेबाच्या शीट, इंटरनेट शिकवायला पुरून उरतं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालते, सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस प्रणाली आहे, दोन्हींत इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप होतं. केरळात सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवत आहेत. मात्र डीडीआर२ या जुन्या प्रकारच्या रॅमच्या बोर्डांवर खर्च करू नका असं मी स्पष्ट सांगते. ती रॅम आता धड मिळत नाही आणि बोर्डावरचे कपॅसिटरही फुगायला आलेले असतात.

पण खरा जीव तुटतो तो त्या कॅबिनेटच्या तोंडाशी असलेल्या डीव्हीडी रायटरसाठी. नव्या काचेच्या कॅबिनेटना पुढे सव्वापाच इंची खण उरलेला नाही. नव्या लॅपटॉपमधूनही ड्राइव्ह गेला. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांती, शाळेची स्नेहसंमेलनं, दवाखान्यातले स्कॅन हे सगळं अजून घराघरांत सीडी-डीव्हीडीवर पडून आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. पाणी ओसरल्यावर एक बाई पॉलिथिनच्या पिशवीत चिखलानं माखलेल्या सीडी घेऊन आल्या. म्हणाल्या, “ताई, अल्बमचा तर लगदा झाला. यात काही उरलंय का बघा.” घरातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्कही पाण्यात गेली होती. सीडी मी स्वच्छ पाण्यात भिजवल्या, भांड्याच्या साबणाचा थेंब लावला, मऊ कापडानं मधून कडेकडे पुसल्या (गोल गोल कधीच पुसू नये, वाचणारी रेघ त्याच दिशेनं जाते) आणि सावलीत वाळवल्या. मग जाड, ट्रेवाल्या ड्राइव्हमध्ये एकेक घातली. बऱ्याच वाचल्या गेल्या. एका व्हिडिओ सीडीतला एमपीईजीएव्ही हा चित्रफितीचा फोल्डर उघडला आणि त्यांच्या मुलीच्या लग्नातली सप्तपदी पडद्यावर हलायला लागली. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट; चांगली असेल तर पाण्याला सहसा दाद देत नाही. तिचा नाजूक भाग वरचा. माहिती धरणारा थर नावाच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. लोक चकचकीत बाजू जपतात, नावाची बाजू टेबलावर घासतात आणि वर बॉलपेननं तारीख कोरतात. तिथला ओरखडा भरून निघत नाही.

ट्रेवाला ड्राइव्ह मी मुद्दाम म्हणते. सुरुवातीच्या काही सीडी ड्राइव्हना डिस्क प्लास्टिकच्या पेटीत घालून आत सरकवावी लागे. ते प्रकरण मागे पडलं. लॅपटॉपचा बारीक ड्राइव्ह असतो त्यात फिरकीच ट्रेवर बसवलेली असते, डिस्क अंगठ्यानं मधोमध दाबून बसवायची. रूळ पातळ, सगळं हलकं. युएसबीवर चालणारे बाहेरचे ड्राइव्हही बहुतेक त्याच घडणीचे. फटीतून डिस्क ओढून घेणारे दिसायला फार देखणे, अॅपलच्या आयमॅकनं १९९९ मध्ये ट्रे सोडून तेच घेतले. पण आत रबरी रोलर डिस्कला धरून खेचतात. आठ सेंटिमीटरची छोटी सीडी, व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराची सीडी किंवा कागदी लेबल सुटलेली जुनी डिस्क आत गेली की अडकते, आणि बहुतेकांना टाचणी घालायचं भोकही नसतं. पुरातून आलेली लेबलं सुटलेली डिस्क मी अशा ड्राइव्हला कधीच देणार नाही.

डेस्कटॉपच्या जाड ड्राइव्हचं तसं नाही. ट्रेवर मोठ्या डिस्कच्या खळग्यात छोट्या डिस्कचा खळगा असतो. मशीन उभं असेल तर डिस्क धरायला कडेला चार छोट्या पकडी असतात. ट्रे आत गेला की फिरकी खालून वर येते आणि वरची चुंबकाची चकती डिस्क दाबून धरते. वीज गेली तरी पुढच्या भोकात सरळ केलेली यू-पिन घातली की ट्रे सुटतो. आणि लोक ज्याला ‘ड्राइव्ह गेला’ म्हणतात ते पुष्कळदा फक्त रबरी पट्टा सैल झालेला असतो. चुंबकाची पकड सोडवायला जो झटका लागतो तो सैल पट्ट्याला जमत नाही, म्हणून बटण दाबलं की दिवा लुकलुकतो, आत घरघर होते आणि ट्रे जागचा हलत नाही. खालचे चार स्क्रू काढा, पुढची पट्टी सोडवा, तेवढाच पट्टा बदला, पुली स्पिरिटनं पुसा. अंगठीएवढ्या रबरासाठी अख्खा ड्राइव्ह भंगारात जातो, हे बघवत नाही.

म्हणून शाळांना आणि संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. निर्लेखनाची यादी करताना साटा डीव्हीडी ड्राइव्ह काढून वेगळे ठेवा. मागे सात पिनांची डेटाची आणि पंधरा पिनांची पॉवरची पट्टी दिसली की तो साटा. रुंद चाळीस पिनांचे आयडीई ड्राइव्ह आजच्या बोर्डांना लागत नाहीत, ते एखाद-दुसरेच राखा. हार्ड डिस्क तशीच टेम्पोत टाकू नका, तिच्यात मुलांचे दाखले, खातेदारांची नावं असतात. आणि उरलेला माल रस्त्यावरच्या भंगारवाल्याला घालू नका. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नोंदणीकृत रिसायकलरबरोबर दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यालाही जागा आहे.

दुसरी विनंती ग्रंथालयांना. आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, तालुक्या-तालुक्यात ग्रंथालयं आहेत. निदान ‘अ’ वर्गाच्या प्रत्येक ग्रंथालयात असं एक दुरुस्त केलेलं मशीन ठेवावं: एसएसडी, दोन जाड ट्रेवाले ड्राइव्ह, पुढे युएसबी. एक ड्राइव्ह अडला की दुसऱ्यात घालून बघता येतं. जी डिस्क एक नाकारतो ती दुसरा कधीकधी मुकाट्यानं वाचतो, हे मी नेहमी पाहते. त्याला इंटरनेट जोडूच नये, म्हणजे अपडेट नसल्याचा मोठा धोकाही उरत नाही. लोकांनी आपल्या सीडी आणाव्यात, पेन ड्राइव्हवर उतरवून न्याव्यात. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हानं आणि उष्णतेनं विरत जातो, तेव्हा हे काम आणखी दहा वर्षांनी करू म्हणून चालणार नाही.

आमच्या भागातल्या कोणत्याही ग्रंथालयानं जागा आणि एक टेबल दिलं तर मशीन जुळवून, पट्टे बदलून, मराठी कीबोर्डसकट चालू करून द्यायला मी तयार आहे. मजुरी नको, एसएसडीचा खर्च तेवढा संस्थेनं करावा. आपल्या कार्यालयात कुणी चौकशी केली तर माझा पत्ता जरूर द्यावा.

आपली,
संगणक दुरुस्ती करणारी एक वाचक, सांगली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)