मीटिंगचा पत्ताही छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही ओळ मी किती वर्षे वाचत आले, ते आता आठवत नाही. त्याच पानावर ‘आज शहरात’ या सदरात भजन, व्याख्यान, रक्तदान शिबिर यांची वेळ आणि ठिकाण असते. दारू सोडू इच्छिणारी माणसे दर आठवड्याला जिथे विनामूल्य एकत्र बसतात, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या मीटिंगचा पत्ता मात्र मला तिथे कधी दिसला नाही. तो छापावा, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

अशा जाहिरातीतली पुडी मीही मागवली होती आणि चार महिने यजमानांच्या आमटीत कालवली होती. तिच्यात काय होते हे मला आजही ठाऊक नाही. दारू पोटात जाताच त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी डायसल्फिराम ही खरी गोळी डॉक्टरसुद्धा रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात, कारण तिच्यावर दारू घेतल्यास जिवावर बेतू शकते, हे मला फार उशिरा कळले. यजमानांना पुडीचा पत्ता लागला, तेव्हा दारू सुटली नाहीच. माझ्या हातचे जेवण मात्र काही दिवस सुटले.

मीटिंगची माहिती मिळाली ती आमच्या इस्त्रीवाल्या काकांकडून. ‘वहिनी, साहेबांना शाळेत पाठवा,’ एवढेच ते म्हणाले. ही शाळा म्हणजे आमच्या घरापासून दहा मिनिटांवरची नगरपालिकेची शाळा, जिच्यावरून मी रोज भाजीला जात असे. काका स्वतः सहा वर्षे तिथे जात होते आणि आम्हाला पत्ता नव्हता! पहिल्या दोन आठवड्यांत यजमान फाटकापर्यंत जाऊन परतले. तिसऱ्या आठवड्यात आत गेले आणि मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून तासभर मागे बसून आले. आत काय झाले, असे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले, ‘कोणी आडनावसुद्धा विचारलं नाही.’

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. अमेरिकेतल्या ॲक्रन गावी १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक या दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून ही चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ साली मुंबईत सुरू झाली. सभासदत्वाला अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. पिशवी फिरते, तीत सभासद जमेल ते टाकतात आणि बाहेरच्यांच्या देणग्या घेतल्या जात नाहीत. ‘मी अमुक, मी मद्यपाशी’ असे म्हणून माणूस आपली हकिगत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही. पिणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने दिलेल्या या कबुलीवर तिथले सारे उभे असते, म्हणूनच ‘नकळत’ हा शब्द आता मला विशेष खुपतो. ‘बंद’ मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते. ‘खुल्या’ मीटिंगला घरचेही बसू शकतात. शिवाय कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ हे वेगळे गट आहेत. तिथे मला पहिल्यांदा बाटल्या शोधण्यातून सुट्टी मिळाली.

सगळे सुरळीत झाले असा माझा दावा नाही. पुढच्या गटारीला यजमान घसरले. परत गेले, तेव्हा कोणी बोल लावला नाही. दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. मीटिंगमध्ये म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेतला ‘ईश्वर’ त्यांना अजूनही पटत नाही आणि तसे ते तिथे सांगतात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबल्यास थरथर, भास, फिट्स येऊ शकतात, त्यामुळे आधी डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच आहे. मीटिंग हे औषधाला पर्याय नाही. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रातून उपचार घेऊन घरी परतलेल्याला पुढचे महिने कोणाच्या सोबतीने काढायचे, या प्रश्नाला मात्र ती उत्तर आहे.

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांच्या घरी वर्तमानपत्र तरी येत असेल.

सभासदांची नावे वर्तमानपत्रात येऊ द्यायची नाहीत, ही ‘एए’ची परंपरा आहे, मीटिंगचा पत्ता गुप्त ठेवण्याची नाही. तेव्हा सदरात आठवड्यातून एकदा गाव, जागा, वार, वेळ आणि ‘खुली’ की ‘बंद’ एवढी ओळ छापावी. शेजारी व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी १४४४६ द्यावा. फोनवरून भरणाऱ्या ऑनलाइन मराठी मीटिंगांचाही उल्लेख व्हावा, कारण स्वतः पिणाऱ्या स्त्रीला शाळेचे ते फाटक ओलांडणे माझ्या यजमानांपेक्षा कितीतरी अवघड जाते. परीक्षांच्या दिवसांत शाळेची खोली मिळत नाही आणि जागा बदलते, म्हणून छापण्यापूर्वी दर वेळी गटाकडे फोन करून खात्री करून घ्यावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)