‘मानसिक आजार समाविष्ट’ म्हणजे थेरपी समाविष्ट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरात मानसिक आरोग्य दिन आला की ‘आता विम्यात मानसिक आजारही बसतो’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते खोटं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१(४) ने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या पंगतीला बसवलं. पण ही पंगत मांडली जाते रुग्णालयात. साध्या मेडिक्लेमचे पैसे सहसा किमान २४ तास दाखल झाल्यावर मिळतात. आठवड्यातून एकदा कोथरूडला पाऊण तासाच्या सेशनला जाणारा माणूस कुठेच दाखल होत नाही. त्याचा खर्च ओपीडीत मोडतो आणि बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत ओपीडी नसते. अपवाद डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा. तेवढ्या मुदतीत त्याच आजाराच्या फेरतपासणीचा खर्च मागता येतो.

ओपीडी जोडून घेतली तरी हिशेब आधी मांडावा. समजा सेशनचे १,५०० रुपये, ओपीडीची वार्षिक मर्यादा १०,००० आणि २० टक्के को-पे, म्हणजे बिलातला आपला वाटा. दर सेशनला कंपनी १,२०० देणार, ३०० आपले. आठ सेशनमध्ये ९,६०० संपले. कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपीला (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची थेरपी) १२ ते २० सेशन सहज लागतात, म्हणजे गाडी निम्म्या वाटेवरच थांबते. ओपीडीसाठी जादा प्रीमियम किती पडतो ते या आकड्याशेजारी लिहून पाहावं. कधी कधी स्वतःच्या खिशातून देणंच स्वस्त पडतं!

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतल्या मंडळींनी ग्रुप पॉलिसीची प्रत एचआरकडून मागून घ्यावी. मेलमधल्या रंगीत पत्रकावर विसंबू नये. अनेक ठिकाणी ईएपी (कर्मचारी साहाय्य योजना) म्हणून काही सेशन मोफत असतात. ती विम्यापासून वेगळी सोय आहे, तिला दावा लागत नाही. ओपीडीचा दावा असेल तर कागद एचआरच्या मेलवर न पाठवता टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) पोर्टलवर स्वतः चढवावेत, म्हणजे आजाराचं निदान ऑफिसभर फिरत नाही.

दावे अडतात ते मुख्यतः पावतीपाशी. ‘समुपदेशन शुल्क रु. ६,०००, मिळाले’ एवढीच ओळ, खाली वेडीवाकडी सही. महिन्याची चार सेशन एका रकमेत कोंबलेली, तारखा नाहीत, शिक्का नाही. पावतीवर ‘बाळासाहेब’ आणि पॉलिसीत ‘प्रभाकर’, हेही होतं. यूपीआयचा स्क्रीनशॉट ही पावती नव्हे. प्रत्येक सेशनची तारीख आणि रक्कम, पॉलिसीतलंच पूर्ण नाव आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसतं ‘कौन्सेलर’ लिहिलेल्या पावतीला टीपीए सहसा हात लावत नाही. सोबत मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते, निदानासह, आणि तिची तारीख पहिल्या सेशनच्या आधीची असावी. नंतर मिळवलेली चिठ्ठी लगेच ओळखू येते. निदानाच्या जागी ‘स्ट्रेस’ असेल तर तो आजार धरला जात नाही. आजार खरोखर असेल तर डॉक्टरांकडून आयसीडी संकेतासह (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) लिहून घ्यावा, उदाहरणार्थ नैराश्याच्या एपिसोडला एफ ३२. नसेल तर लिहवून घेऊ नये. पुढे विमा घेताना भरायच्या प्रत्येक प्रपोजल फॉर्मवर तो सांगावा लागतो.

आणि तो सांगावाच. झोपेच्या गोळ्या, जुनं नैराश्य लपवलं की दाव्याच्या वेळी नेमकी तीच फाइल बाहेर येते. सांगितलेल्या जुन्या आजाराचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्याचे पैसे न मिळण्याची सुरुवातीची मुदत, आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही.

व्यसनमुक्तीच्या उपचारांबाबत मात्र खरा घोळ आहे. पॉलिसीच्या प्रमाणित वगळणुकींत व्यसनं आणि त्यांचे परिणाम सरसकट येऊ शकतात. कायद्याची व्याख्या मात्र दारू वा अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजारच मानते. या कारणाने दावा नाकारला तर तो नकार मुकाट्याने गिळू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. पुण्यालाही लोकपाल कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही.

दरम्यान पैसे आणि विमा दोन्ही नसतील तर पुण्याच्या ससून सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास फुकट, मराठीत बोलता येतं.

विमा कंपन्यांकडे आमची मागणी छोटी आहे. पॉलिसीसोबतच्या ग्राहक माहिती पत्रकात ‘थेरपीची सेशन: होय/नाही, वर्षाला किती रुपये’ अशी एक ओळ छापावी. ते पत्रक मराठीतही मागता येतं. वाचकांनी ते मागावं आणि ही ओळ शोधावी.

– विमा दाव्यांचं काम करणारे दोन वाचक, पुणे ३०